ओल्या कापसाने निकाल उलटला, मग संघर्ष खरा की बरणीचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल आणि नंतर वाचणाऱ्यांनाही शोधत बसावं लागणार नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही चवळीतले भुंगेरे, म्हणजे कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस, बरण्यांत वाढवताय. पेपरमध्ये वाचलंत की या जातीत नराच्या जननेंद्रियावर काटे असतात, मेटिंगमध्ये मादीला आतून जखमा होतात आणि ती लवकर मरते. करून पाहिलं तर कोरड्या बरण्यांत कायम नरांसोबत ठेवलेल्या माद्या एकदाच मेटिंग झालेल्या माद्यांइतक्याच जगल्या, उलट किंचित जास्तच, आणि ओला कापूस ठेवलेल्या बरण्यांत मात्र नरांसोबतच्या माद्या आधी मेल्या. गाइड म्हणतात निकाल एकमेकांना छेद देतायत, कुठला तरी एक धरा. शिवाय टाकीत वॉटर स्ट्रायडर, म्हणजे पाण्यावर सरकणारे किडे, ठेवलेत, तिथे दिवसभर नर-माद्यांची झटापट चालू असते, आणि बाहेर तळ्यावर जाऊन बघितलं तर तेच किडे बऱ्यापैकी शांत. म्हणून तुम्ही विचारताय की सेक्शुअल कॉन्फ्लिक्ट, म्हणजे लैंगिक संघर्ष, हा प्रकार मुळात खरा आहे की लॅबने तयार केलेला.

मी बरीच वर्षं कीटकांच्या वर्तनावर काम करतोय, त्यातलं बरंचसं पाण्यावरच्या आणि साठवलेल्या धान्यातल्या किड्यांवर, त्यामुळे जे सांगतो ते त्या बाजूने आलेलं आहे. माझ्या मते तुमचे दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. एक धरून दुसरा फेकलात तर हाती आलेलं घालवाल.

गोंधळ होतो तो इथे की आपण 'या जातीत संघर्ष आहे' असं बोलून जातो, जणू काही पायांची संख्या सांगतोय. जेफ्री पार्कर यांनी १९७९ मध्ये हा विषय नीट मांडला तेव्हा मुद्दा हिताचा होता, म्हणजे मेटिंग किती वेळा व्हावं, किती वेळ चालावं, अंडी कोणाच्या शुक्राणूंनी फळावीत, यात नराच्या फायद्याचं गणित आणि मादीच्या फायद्याचं गणित एक नसतं. हा फरक जवळपास सगळीकडे असतो. पण त्या फरकातून प्रत्यक्ष किती मारामारी होते, मादीला किती नुकसान पोचतं आणि शेवटी कोणाचं म्हणणं चालतं, हे जागेवर ठरतं. मादीला दिवसभरात मेटिंगच्या मागे लागलेले किती नर भेटतात, तिथे नाही म्हणणं महाग पडतं की हो म्हणणं, आणि हो म्हटल्यावर तिच्या पदरात काही पडतं का. अन्न, पाणी, शिकारी, लपायला जागा, गर्दी, तापमान, यातलं काहीही बदललं की या तिन्हीपैकी किमान एक तरी हलतं, आणि कधी कधी तर एक वर जातं नि दुसरं खाली, मग एकूण काय होईल ते आधी सांगता येत नाही. तुम्ही ओला कापूस ठेवलात म्हणजे नेमकं हेच केलंत.

तुमच्याच भुंगेऱ्यापासून सुरू करू. मेटिंग चालू असताना एकदा स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नीट बघा. नर मागून चढलेला असतो, पहिला काही वेळ मादी तशी शांत असते, आणि मग ती मागच्या पायांनी त्याला लाथा मारायला लागते, आधी एखाद-दुसरी, मग सपाटून. नर मागे कलंडतो, पण काटे आत अडकलेले असल्यामुळे लगेच सुटत नाही, मग मादी त्याला तसाच ओढत दाण्यावरून फिरते. २००० साली क्रजिंग्टन आणि सिवा-जोथी यांनी मादीला लाथा मारता येणार नाहीत अशी व्यवस्था केली तेव्हा मेटिंग लांबलं आणि आतल्या जखमा जास्त झाल्या. म्हणजे लाथा हा मादीचा बचाव आहे आणि नुकसान खरं आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका.

आता दुसरी बाजू. हा किडा साठवलेल्या दाण्यांत राहतो. प्रौढ झाल्यावर तिथे ना खायला काही ना प्यायला. अळी असताना दाण्याच्या आत जे कमावलं तेवढ्या भांडवलावर प्रौढाने पुढचे दिवस काढायचे, त्यातच अंडी घालायची. आणि नर मेटिंगमध्ये मादीला जे देतो ते नुसते शुक्राणू नसतात, पहिल्या मेटिंगला त्याचा एजॅक्युलेट, म्हणजे शुक्राणूंसकट सोडलेला सगळा द्रव, शरीराच्या वजनाच्या ८-१० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात पाणी भरपूर असतं. एडवर्डसन यांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्या माद्यांना प्यायला पाणी मिळतं त्या पुन्हा मेटिंगला कमी तयार होतात, तहानलेल्या जास्त. थोडक्यात कोरड्या बरणीत प्रत्येक मेटिंग म्हणजे जखम अधिक पाणी. तुमच्या कोरड्या बरणीत या दोघांची वजाबाकी शून्याच्या आसपास आली, किंवा पाण्याचं पारडं थोडं जड झालं. कापूस ठेवलात आणि पाणी फुकट मिळायला लागलं, मग नराकडून मिळणाऱ्या पाण्याची किंमत गेली आणि जखम तेवढी उरली.

अजून एक गोष्ट यात दडलेली असते आणि ती बरेच जण विसरतात. कोरड्या बरणीत सगळ्याच माद्या लवकर मरतात, नर असो वा नसो, कारण पाणी संपतं. आयुष्यच तोकडं असेल तर जखमेचा परिणाम दिसायला वेळच मिळत नाही. पाणी दिल्यावर आयुष्य लांबतं आणि मग ती जखम, त्यातून होणारं इन्फेक्शन वगैरे, हिशोबात दिसायला लागतं. म्हणजे तुमचा फरक दोन वेगळ्या वाटांनी आलेला असू शकतो, एक नराच्या पाण्याची किंमत कमी झाल्यामुळे आणि दुसरी नुकसान दिसायला वेळ मिळाल्यामुळे. या दोन्ही वेगळ्या कशा करायच्या ते खाली सांगतो.

आता वॉटर स्ट्रायडर, म्हणजे तळ्याच्या पाण्यावर लांब पाय पसरून सरकत फिरतात ते. हे माझं आवडतं प्रकरण आहे त्यामुळे जरा लांबेल. इथे नर कसला नाच-बिच करत नाही, सरळ मादीच्या पाठीवर उडी मारतो आणि पुढच्या पायांनी तिची छाती आवळतो. मादी झटके देते, पाण्यावर वेड्यासारखी सरकते, मागच्या मागे कोलांट्या मारते, कधी दोघंही पाण्यात उलटे होतात. बहुतेक वेळा ती त्याला उडवून लावते. उडवणं जमलं नाही तर मेटिंग होतं आणि त्यानंतरही नर बराच वेळ पाठीवर बसून राहतो, दुसऱ्या कोणी येऊ नये म्हणून. मादीकडे आधीचे शुक्राणू पुरेसे असतात, तिला या मेटिंगची गरज नसते. पाठीवर ओझं घेऊन फिरताना जास्त ताकद लागते, शिकार पकडायला त्रास होतो आणि ती स्वतः शिकाऱ्याला सहज सापडते.

मग ती हो का म्हणते? लॉक रो यांचं १९९२ चं काम याच प्रश्नावर आहे. गर्दी वाढली की, म्हणजे आजूबाजूला नर जास्त झाले की, मादी प्रतिकार कमी करते आणि मेटिंग वाढतं. विचित्र वाटतं पण हिशोब सरळ आहे, दर थोड्या वेळाने नवा नर येणार असेल तर प्रत्येकाशी झटापट करण्यापेक्षा एकाला पाठीवर बसू देणं स्वस्त पडतं, तो निदान बाकीच्यांना लांब ठेवतो. याला कन्व्हीनियन्स पॉलिअँड्री म्हणतात, सोयीखातर अनेक नर स्वीकारणं. आणि मादी भुकेली असेल तर गणित फिरतं, तेव्हा तिला पाठीवर ओझं परवडत नाही कारण खाणं शोधायचंय. तीच मादी, तेच नर, फक्त पोट आणि गर्दी वेगळी.

शिकाऱ्यांचं तर अजून गमतीदार आहे. साधा विचार केला तर वाटेल की शिकारी असले की दोघंही सांभाळून राहतील, मेटिंग कमी होईल, मादीची थोडी सुटका होईल. अँड्र्यू सिह आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ॲक्वेरियस रेमिजिस या जातीवर मासे सोडून बघितलं तर तसंच झालं, हालचाल घटली आणि मेटिंगही घटलं. पण आता गेरिस ग्रॅसिलिकॉर्निस ही जात घ्या. यात मादीकडे जननेंद्रियावर झाकणासारखी ढाल आहे, ती उघडल्याशिवाय नराला काही करता येत नाही, म्हणजे जबरदस्तीचा रस्ता बंद. मग नर काय करतो तर पाठीवर चढून पायांनी पाण्यावर टकटक करायला लागतो. त्या लहरी खाली फिरणाऱ्या नोटोनेक्टाला, म्हणजे पाण्यात उलटं पोहणाऱ्या शिकारी किड्याला, बोलावणं धाडतात. शिकारी खालून येतो, आणि खाली कोण आहे, तर मादी. नर वर सुरक्षित. हान आणि याब्लोन्स्की यांनी हे २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, आसपास शिकारी असल्याचा अनुभव आलेल्या माद्या लवकर ढाल उघडतात, आणि ढाल उघडली की नर टकटक थांबवतो. म्हणजे एका ठिकाणी शिकारी मादीच्या बाजूने पडला आणि दुसऱ्या ठिकाणी नराने त्यालाच हत्यार केलं. म्हणून कोणी 'शिकारी वाढले की संघर्ष कमी होतो' असं एका वाक्यात सांगितलं तर मी आधी विचारतो, कुठला शिकारी आणि तो कोणाला आधी खातो.

तुमच्या टाकीबद्दल बोलायचं तर ओमर एल्डाकर आणि सहकाऱ्यांचं २००९ चं काम जरूर वाचा. एकाच बंद पाण्यात ठेवलं तर आक्रमक नर मजेत, त्यांना जास्त मेटिंग मिळतं. पण पाण्याचे छोटे छोटे भाग एकमेकांना जोडले आणि ये-जा करू दिली तर माद्या आक्रमक नरांच्या भागातून निघून जातात आणि शांत नर असतील तिथे गोळा होतात, मग आक्रमक असण्याचा फायदा बराचसा विरघळतो. तुमच्या टाकीत मादीला निघून जायला जागाच नाही. तळ्यावर ती काठाच्या गवतात शिरते, दुसऱ्या कोपऱ्यात जाते, काही जातींत पंखवाल्या असतील तर उडून दुसरं तळं गाठते. शिवाय तळ्यावर ढग, वारा, मासे, पडणारी शिकार या सगळ्यात मेटिंगचे तास विभागले जातात, तुम्ही नेमके दुपारी अर्धा तास जाऊन बघितलंत तर शांतच दिसणार. तेव्हा टाकीतली झटापट खोटी नाही, पण ती बंद टाकीतली आहे एवढं वाक्य रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं.

गंमत म्हणजे भुंगेऱ्याच्या बाबतीत मी हा आक्षेप एवढा घेणार नाही. धान्यातला भुंगेरा खरोखरच बंद जागेत, प्रचंड गर्दीत, पाण्याशिवाय राहतो, माणूस धान्य साठवायला लागल्यापासून त्याच्या कितीतरी पिढ्या अशाच गेल्यात. त्याच्यासाठी कोरडी बरणी हे बऱ्यापैकी त्याचं घरच आहे, उलट ओला कापूसवाली बरणी परकी. म्हणजे 'लॅब कृत्रिम, निसर्ग खरा' हे सरसकट सूत्रही चालत नाही, जातीगणिक विचारावं लागतं. शेतातल्या शेंगांवर अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्यांची गोष्ट परत वेगळी असणार, तिथे गर्दी कमी आणि ओलावा जास्त.

फळमाशीवर, ड्रोसोफिलावर, सगळ्यात जास्त काम झालंय कारण ती बाटलीत सहज वाढते, आणि नेमकी म्हणूनच तिच्याबाबत सावध राहायला हवं. नराच्या वीर्यातली काही प्रथिनं मादीला जास्त अंडी घालायला लावतात, पुन्हा मेटिंगची इच्छा कमी करतात आणि तिचं आयुष्य घटवतात, ट्रेसी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं आणि मग हा विषय धडाधड वाढला. पण त्यातले बरेच प्रयोग साध्या गोल बाटलीत, जिथे मादीला नरापासून लपायला एक कोपरा नाही. नंतर काही जणांनी बाटलीत आडोसे ठेवून बघितलं तर नर-मादीच्या गाठीभेटी आणि मादीचं नुकसान दोन्ही कमी झालं. यात एक बारीक मुद्दा आहे, नर सगळ्या माद्यांच्या सारखेच मागे लागत नाहीत, मोठ्या आणि जास्त अंडी देणाऱ्या माद्यांच्या जास्त लागतात, म्हणजे साध्या बाटलीत सगळ्यात चांगल्या माद्यांनाच सगळ्यात जास्त त्रास. आडोसा दिला की हे असमान ओझंही हलकं होतं आणि चांगल्या माद्यांचा फायदा त्यांना मिळायला लागतो. एवढ्याशा आडोशाने निवडीची दिशा हलते, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

तापमानाचंही तसंच. स्पेनमधल्या एका नैसर्गिक पॉप्युलेशनच्या फळमाश्यांवर २०, २४ आणि २८ अंश सेल्सिअसला नरांमुळे होणारं मादीचं नुकसान मोजलं गेलं, ते मधल्या तापमानाला जास्त आणि दोन्ही टोकांना कमी निघालं. थंडीत नरांचा पाठलागच मंदावतो, उष्ण बाजूला मेटिंगनंतरचे परिणाम बदलतात, म्हणजे दोन टोकांना कमी होण्याची कारणंही वेगळी. वर्षानुवर्षं एकाच ठराविक तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये केलेल्या प्रयोगांवरून निसर्गातलं नुकसान सांगायचं तर हे लक्षात घ्यायलाच हवं.

खाण्याबद्दल दोन उदाहरणं, कारण तुमच्या पाण्याच्या मुद्द्याशी ती थेट जोडलेली आहेत. ऑस्ट्रेलियात कावानाफिला नावाची एक कॅटिडिड आहे, नाकतोड्याच्या नात्यातली, तिच्यात नर शुक्राणूंसोबत एक खाण्याजोगा गोळा देतो. हंगामाच्या सुरुवातीला फुलांत पराग कमी, खाणं दुर्मिळ, तेव्हा माद्या त्या गोळ्यासाठी नरांवर तुटून पडतात, एकमेकींशी भांडतात, आणि नर निवड करतात. पुढे ग्रास ट्री फुलले, पराग भरपूर झाला की सगळं उलटं, नर माद्यांसाठी भांडतात आणि माद्या निवडतात. ग्विन आणि सिमन्स यांनी १९९० मध्ये हे दाखवलं, आणि एकाच किड्यात, एकाच हंगामात भूमिका फिरतात याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दुसरं पॅनॉर्पा, स्कॉर्पियनफ्लाय. इथे नर मेलेला किडा किंवा लाळेचा घट्ट गोळा भेट देऊन मेटिंग मिळवतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तो पाठीवरच्या चिमट्यासारख्या अवयवाने मादीला धरून जबरदस्ती करतो. रँडी थॉर्नहिल यांच्या कामातून दिसलं की मेलेले किडे कमी असले की भेट देऊ न शकणारे नर वाढतात आणि जबरदस्तीही वाढते. मादीला यात दुहेरी फटका, भेट मिळाली नाही म्हणून स्वतः अन्न शोधायला फिरायचं आणि फिरताना कोळ्याच्या जाळ्यात सापडायचं.

बाकीची उदाहरणं भराभर सांगतो, ती तुम्ही वाचालच. ढेकणांत नर मादीचं पोट टोचून शुक्राणू सोडतो, मादीने त्या जागी एक खास अवयव विकसित केलाय ज्यामुळे टोचण्यातून होणाऱ्या इन्फेक्शनची झळ कमी बसते. भुकेली मादी अंग जमिनीला दाबून नराला टाळू शकते, पण रक्त पिऊन टम्म फुगली की तिला तसं वाकता येत नाही आणि नर तेव्हाच गाठतो. म्हणजे जेवणाचं वेळापत्रक हेच संघर्षाचं वेळापत्रक. पिवळी शेणमाशी ताज्या शेणावर अंडी घालायला येते, नर तिथे आधीच शेकड्याने ठाण मांडून, गर्दी जास्त असेल तर एका मादीवरच्या झटापटीत ती ओल्या शेणात बुडून मरतेसुद्धा, पार्कर यांचं सुरुवातीचं काम याच माशीवर. चतुरांमध्ये एश्ना जुन्सिया या जातीची मादी अंडी घातल्यावर नर मागे लागला तर सरळ खाली पडून मेल्याचं सोंग घेते, आल्प्समध्ये हे नोंदवलंय. पाणभुंगेऱ्यांत नराच्या पायांना चिकटणाऱ्या चकत्या आणि मादीची पाठ खडबडीत, म्हणजे त्या चकत्या धरू नयेत अशी. तिथे मेटिंगभर मादी पाण्याखाली दाबलेली राहते, त्यामुळे झगडा श्वासाचा असतो.

तुम्ही पुढे विचाराल की हे सगळं रोजच्या वागण्यातलं झालं, याचा उत्क्रांतीवर काही परिणाम होतो का. होतो, पण इथे मी जरा हात राखून बोलतो, कारण पुरावा कमी आणि गुंतागुंत जास्त आहे. आर्नक्विस्ट आणि रो यांनी २००२ मध्ये वॉटर स्ट्रायडरच्या १५ जाती शेजारी ठेवून दाखवलं की नराची पकड आणि मादीची संरक्षणं शस्त्रांच्या शर्यतीसारखी बरोबरीने वाढतात, आणि बहुतेक जातींत दोघंही तोडीस तोड असल्यामुळे वरून बघितलं तर काहीच कळत नाही. कोणी एक पुढे गेला तरच मेटिंगच्या आकड्यांत फरक दिसतो. म्हणून एखाद्या जातीत सगळं शांत दिसतं याचा अर्थ तिथे संघर्ष कमी झाला असा घेऊ नका, दोन्हीकडची हत्यारं जड असूनही शांत दिसू शकतं. नंतर २०१७ मध्ये पेरी, गॅरोवे आणि रो यांनी गेरिस इन्कॉग्निटस या एकाच जातीच्या वेगवेगळ्या पॉप्युलेशन्स तपासल्या, तर नर-मादीच्या या हत्यारांमधला काही फरक पर्यावरणाशी आणि पॉप्युलेशन्स एकमेकांपासून किती लांब-जवळ आहेत याच्याशी जोडलेला निघाला, सगळं श्रेय शर्यतीला देता येत नाही. आणि फळमाशीत आर्बथनॉट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इथेनॉल किंवा कॅडमियम मिसळलेल्या खाद्यावर अनेक पिढ्या वाढलेल्या पॉप्युलेशन्स घेतल्या, तर सारख्या खाद्यावरच्या वेगवेगळ्या पॉप्युलेशन्समध्ये नरांचा उपद्रव आणि माद्यांचा प्रतिकार साधारण एकाच दिशेने गेलेला होता. खाद्य बदललं म्हणून संघर्षाची वाट बदलली, असं त्याचं सरळ वाचन. माझं स्वतःचं मत असं की अल्पकाळात पर्यावरण संघर्षाची तीव्रता ठरवतं याला भक्कम पुरावा आहे, दीर्घकाळात ते शर्यतीची दिशा ठरवतं याला चांगले पण मोजके दाखले आहेत.

आता तुमच्या कामाचं. गाइडना सांगा की हा टू-बाय-टू डिझाइनचा विषय आहे: नर एकदा की कायम, आणि पाणी आहे की नाही. चार गट. यात मुख्य निकाल इंटरॅक्शन हाच, म्हणजे पाण्यामुळे नराचा परिणाम किती बदलतो. सध्या तुम्ही कोरड्या आणि ओल्या बरण्या वेगवेगळे दोन प्रयोग म्हणून मांडताय म्हणून ते एकमेकांच्या विरोधात दिसतायत, एकाच मॉडेलमध्ये घाला, छेद-बिद काही उरणार नाही.

वर मी दोन वाटा म्हटलं होतं, त्या वेगळ्या करायला अजून एक गट जोडता आला तर बघा. लाथ, जखम, पाणी हे सगळं एका मेटिंगमध्ये एकत्र येतं, पण त्यातलं पाणी कमी करण्याची एक युक्ती आहे, नुकतंच मेटिंग झालेला नर वापरायचा. पाठोपाठच्या मेटिंगमध्ये त्याचा एजॅक्युलेट लहान होत जातो, काटे मात्र तेवढेच. कोरड्या बरणीत ताज्या नराऐवजी थकलेला नर दिल्यावर मादी जास्त लवकर मेली तर नराच्या पाण्याची किंमत खरी. काही फरक पडला नाही तर आयुष्याच्या लांबीवाली वाट तपासा. आणि सगळ्या गटांत नर कुठले वापरले, पहिल्यांदाच की आधी वापरलेले, हे न लिहिता कोणी निकाल दिला तर मी तो पेपर बाजूला ठेवतो.

फक्त किती दिवस जगली एवढंच मोजू नका. मादी लवकर मेली पण तोपर्यंत जास्त अंडी घालून गेली असेल तर तिचं नुकसान झालं की फायदा, हे एका आकड्यावरून कळत नाही, आणि अंडी घालण्याचीच एक किंमत असते जी नरामुळे झाली असं चुकून वाटतं. आयुष्यभराची अंडी, त्यातली किती उबली, आणि रोज किती घातली, हे तिन्ही ठेवा. दाण्यांची संख्या सगळ्या बरण्यांत सारखी आणि पुरेशी ठेवा, दाणे कमी पडले की मादी अंडी रोखून धरते आणि मग सगळे आकडे वाकडे होतात. ओल्या कापसामुळे दाण्यांना ओल लागत नाही ना तेही बघा, बुरशी आली तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसाल. पाणी छोट्या ट्यूबमध्ये कापसाच्या बोळ्याने बंद करून द्या, कोरड्या बरणीतही तशीच पण रिकामी ट्यूब ठेवा, म्हणजे आडोशाचा फरक उरणार नाही.

वॉटर स्ट्रायडरची टाकी प्रोजेक्टमध्ये घ्यायची असेल तर दोन भाग करून मध्ये अरुंद वाट ठेवा आणि मादी कुठल्या भागात जाते ते नोंदवा, खाणं दोन्हीकडे सारखं. वेळ नसेल तर सोडून द्या, भुंगेऱ्यावरच पूर्ण थिसिस निघतो.

एका बरणीत किती नर आणि किती माद्या ठेवता, बरणी केवढी आणि तापमान किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, आणि कोरड्या बरणीतल्या माद्या साधारण कितव्या दिवशी मरायला लागतात तेही, त्यावरून सॅम्पल साइझबद्दल काहीतरी नेमकं सांगता येईल.